पृथ्वीची जन्मतारीख १ जून

"बाई, तुम्ही शाळेत पोरांना सांगायचा ना, पृथ्वीचं वय एवढे एवढे कोटी म्हणून? मग आमच्या आत्याबाईंचं सांगा बघू."

नलूवहिनी मेंदीच्या कुंपणापलीकडून बोलत होत्या. हातात कोथिंबिरीची जुडी, बोलता बोलता निवडणं चालू. विषय एसटीचा होता. पंचाहत्तर पूर्ण झाली की एसटीचा प्रवास फुकट, आणि आत्याबाईंना पंढरपूर गाठायचं होतं. आधारवर जन्मतारीख १ जून १९५२. म्हणजे अजून कळ काढा.

"१ जूनचं काय घेऊन बसलात? माझ्या हजेरीपटावर अर्धा वर्ग १ जूनचा असायचा. नाव घालताना मास्तर लावायचे ती तारीख."

"तेच म्हणते मी. कोयनेच्या भूकंपाला, डिसेंबर सदुसष्टला, ह्यांना पाळण्यातून उचलून अंगणात पळाल्या म्हणतात. मग काय पंधराव्या वर्षी पाळणा हलला?"

"न्हाय गं बया," ओसरीवरून आजी, म्हणजे वहिनींच्या आत्याबाई. "लगीनच सतराव्या वर्षी झालं माजं."

वहिनींचे यजमान अप्पा तलाठी म्हणून निवृत्त झालेत. एखादी नोंद सापडत नाही म्हटलं की माणूस जेवत नाही. आजींच्या माहेरच्या गावचं त्या सालचं जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक वाळवीनं खाल्लेलं. पण आजींचा मामेभाऊ त्याच आठवड्यातला, आणि त्याच्या गावचं बुक शाबूत. अप्पांनी सरळ त्याची नक्कल काढून आणली. साल १९४९.

"दोन बाळंतपणं एका आठवड्यातली. त्याचं तेच हिचं," अप्पांनी निकाल दिला.

कंडक्टर हे मानेल का, ते पांडुरंगाला ठाऊक. मी मात्र बोलून बसले, की पृथ्वीचं वयही शेवटी असंच निघालंय, तिचा स्वतःचा कागद गहाळ म्हणून भावंडाची नक्कल काढावी लागली. झालं. कोथिंबीर संपून मेथी आली तरी माझी सुटका नाही.

"म्हणजे तिलाही आधी १ जून लावली होती?"

"लावली होती की. आयर्लंडमध्ये आर्माचे आर्चबिशप होते, जेम्स अशर. त्यांनी १६५० साली बायबलातल्या पिढ्या आणि जुन्या राजांच्या कारकिर्दी मोजत मोजत मागे जाऊन सांगितलं, ख्रिस्तपूर्व ४००४, ऑक्टोबरची २३ तारीख."

"तारीखसुद्धा?"

"वारसुद्धा. रविवार."

वहिनी हसल्या. अशरांना सगळेच हसतात, मला मात्र ते आवडतात. हाताशी होती ती सगळी दप्तरं त्यांनी चाळली होती, अगदी परभाषेतलीसुद्धा. त्यांच्या काळी दगड हे दप्तर आहे, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

एवढ्यात अप्पा चष्मा पुसत कुंपणाशी आले. मला माहीतच होतं ते काय काढणार.

"आपल्याकडे मात्र ४३२ कोटी. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे कल्प. तुमचे शास्त्रज्ञ म्हणतात ४५४. बावीस कोटींचा काय तो फरक! ग्रुपवर आलं होतं."

"अप्पा, ४३२ कोटी हा सबंध दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. पूजेला बसलं की संकल्पात गुरुजी कल्प, मन्वंतर, युग असं सांगत येतात ना, तो त्या दिवसातला आजचा पत्ता. त्या हिशेबानं १९७ कोटी वर्षं झाली आहेत. अजून माध्यान्हसुद्धा झालेली नाही. ४३२ ला ४५४ च्या शेजारी बसवणं म्हणजे सेवानिवृत्तीच्या वयाला आजचं वय म्हणणं."

अप्पा गप्प. मग मलाच वाईट वाटलं. "पण कोटींमध्ये विचार करायला आपली माणसं घाबरली नाहीत, हे मात्र खरं. तिकडे सहा हजारांच्या पुढे जायलाच शंभरसव्वाशे वर्षं लागली."

तिकडचा एक धीट माणूस म्हणजे फ्रान्समधला काउंट ब्यूफाँ. त्याचा स्वतःचा लोखंडाचा कारखाना होता. लहानमोठे लोखंडी गोळे लालबुंद तापवायचे, हात लावण्याइतके निवायला किती वेळ लागतो ते बघायचं, आणि तोच हिशेब पृथ्वीएवढ्या गोळ्याला लावायचा. १७७८ च्या सुमाराला उत्तर छापलं, पाऊण लाख वर्षं. पुढे १७८८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जेम्स हटननं उभे दगड आणि त्यांच्यावर आडवे बसलेले दगड दाखवून सोबत्यांना गार केलं. आधीचे थर साचून, घट्ट होऊन, कलून, झिजून मग वरचे साचले, तर याला वेळ किती लागला असेल? आकडा त्यानं दिलाच नाही.

"आकडा दिला केल्विननं," मी म्हटलं, "आणि त्या आकड्यानं चाळीस वर्षं सगळ्यांना छळलं."

"केल्विन म्हणजे तो तापमानाचा?"

"तोच. लॉर्ड केल्विन. खाणीत जितकं खाली जावं तितकं उकडतं. म्हणजे पृथ्वीची आतली धग बाहेर पडतेय, म्हणजे ती निवत चाललीय. सुरुवातीला वितळलेली होती असं धरलं, तर आजच्या धगीवरून मागे जाता येतं. १८६२ साली त्यानं सांगितलं, कमीत कमी २ कोटी, जास्तीत जास्त ४० कोटी वर्षं. पुढे आवळत आवळत १८९७ पर्यंत २ ते ४ कोटींवर आणलं."

"मग वाईट काय त्यात? गणितच आहे," अप्पा म्हणाले.

"गणितात खोट नव्हतीच, म्हणून तर कुणाची बोलायची छाती होईना. डार्विनचे हाल झाले. त्याला माकडामाणसांसाठी, माशांबेडकांसाठी भरपूर वेळ हवा होता. आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत त्यानं इंग्लंडमधली एक दरी झिजायला ३० कोटी वर्षं लागली असतील, असा अंदाज दिला होता. टीका झाल्यावर तिसऱ्या आवृत्तीत तो परिच्छेदच काढून टाकला."

शाळेच्या पुस्तकांत पुढची गोष्ट एका वाक्यात असते: केल्विनला किरणोत्सर्ग माहीत नव्हता, म्हणून तो चुकला. मीही कित्येक वर्षं फळ्यावर हेच लिहिलं. ते अर्धंच खरं आहे. खरी मेख जॉन पेरीनं १८९५ मध्येच काढली होती, आणि हा पेरी केल्विनचाच जुना साहाय्यक! तो म्हणाला, पृथ्वी आतून घट्ट आहे हे तुम्ही गृहीत धरलंय. आतला भाग हळूहळू का होईना पण खालीवर होत असेल, तर आतली उष्णता वर येत राहील, कवच दीर्घकाळ ऊबदार राहील, आणि तुमचं उत्तर कितीतरी पटींनी वाढेल. केल्विननं काही फार मनावर घेतलं नाही.

"जुन्या कारकुनाचं कोण ऐकतो," अप्पा उसासले. यात त्यांचं स्वतःचं काहीतरी होतं, पण मी विचारलं नाही.

१९०४ साली लंडनमध्ये किरणोत्सर्गावर काम करणाऱ्या रदरफर्डचं भाषण होतं. विषय हाच, किरणोत्सर्गामुळे पृथ्वीच्या पोटात उष्णता तयार होते. समोर अंधारात म्हातारे केल्विन. रदरफर्डनंच पुढे रंगवून सांगितलेली आठवण आहे, की म्हातारबुवा छान झोपले होते, आणि नेमका अडचणीचा मुद्दा आला तेव्हा एक डोळा उघडून रोखून बघू लागले! रदरफर्डनं वेळ मारून नेली. म्हणाला, केल्विनसाहेबांनी आकडा सांगतानाच म्हटलं होतं की उष्णतेचा नवीन उगम सापडला नाही तर. म्हणजे हे भाकीतच झालं की! म्हातारबुवा खूश.

"हुशार आहे मेला," नलूवहिनी म्हणाल्या. "पण वय कसं काढलं? ते कार्बन डेटिंग का काय म्हणतात ते?"

हा प्रश्न मला दर वर्षी वर्गात यायचा. कार्बन इथे उपयोगाचा नाही. तो जिवंत वस्तूंच्या अवशेषांना चालतो, लाकूड, हाड, कोळसा. तोही ५,७३० वर्षांत निम्मा होतो, म्हणून ५० हजार वर्षांच्या मागे गेलं की मोजण्याजोगं काही उरत नाही. पृथ्वीसाठी युरेनियम. त्याचं हळूहळू शिसं होत जातं. युरेनियम २३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं, २३५ निम्मं व्हायला ७० कोटी. भट्टीत घाला, डोंगराखाली गाडा, त्याचा वेग बदलत नाही. दगडात युरेनियम किती उरलं आणि शिसं किती झालं, हे मोजलं की वय आलं. अमेरिकेत बोल्टवुडनं १९०७ मध्ये असं करून ४१ कोटींपासून २२० कोटींपर्यंतचे दगड दाखवले. केल्विन त्याच वर्षी वारले.

"मग झालं की. घ्यायचा एक जुना दगड अन् मोजायचं," वहिनी.

"कुठला जुना घेणार? हा अजिंक्यतारा बघा." आमच्या दोघांच्या गच्चीवरून तो दिसतोच, त्याच्या काळ्या आडव्या पट्ट्यांसकट. "हा तुम्हाला आदिम वाटतो. पण लाव्हाचे थर साचून झालाय तो, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास. पृथ्वीच्या मानानं कालपरवाचा. गोव्याच्या वेशीवर अनमोड घाटात ३०० कोटींच्या वरचा दगड आहे. कॅनडात अकास्टा नदीकाठी ४०३ कोटींचा. ऑस्ट्रेलियात जॅक हिल्सला झिरकॉनचा एक कण सापडला, डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा, तो ४४० कोटींचा. त्याच्या मागचं काही नाही. पृथ्वी आपलं कवच पोटात घेते, वितळवते, पुन्हा वर काढते. स्वतःच्या हातानं स्वतःचं दप्तर जाळलंय तिनं."

"वाळवी बरी म्हणायची," अप्पा म्हणाले.

म्हणून भावंडं शोधायची. सूर्यमाला घडताना ज्या मालमसाल्यातून पृथ्वी घडली त्यातूनच बारकेसारके खडक घडले, आणि ते पुढे वितळले नाहीत, झिजले नाहीत, तसेच फिरत राहिले. त्यातले काही येऊन पडतात. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात एक मोठं विवर आहे, ५० हजार वर्षांपूर्वी एक लोखंडी उल्का आदळून झालेलं. तिचे तुकडे कॅन्यन डायब्लो नावानं ओळखले जातात.

"आपल्या लोणारसारखं?"

"तसंच. लोणार आपल्या काळ्या दगडातलं. त्याच्या वयाचं मात्र अजून भांडण आहे. एका पद्धतीनं पन्नासएक हजार वर्षं आली होती, पुढे आर्गॉन वायू मोजून ५ लाख ७० हजार आली."

"दहा पट फरक! अशी नोंद मी केली असती तर निलंबित झालो असतो."

अप्पांचा आक्षेप रास्त होता. एकाच पद्धतीवर, एकाच नमुन्यावर भिस्त ठेवली की असं होतं. पृथ्वीच्या आकड्याला वजन आलं ते त्यासाठीच, तिथे एकाच शिशात दोन घड्याळं होती आणि दोघांची वेळ जुळली.

हे जुळवलं त्याचं नाव क्लेअर पॅटरसन.

"बाई होती?"

"पुरुष. आयोवातला. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या कामावर नवराबायको दोघंही होती. युद्धानंतर शिकागोला पीएच.डी.ला आला, तेव्हा गाइडनं सांगितलं, अगदी सोपं काम आहे. झिरकॉनचे बारीक कण घे, त्यातलं शिसं मोज. युरेनियम दुसरा मुलगा मोजेल, जॉर्ज टिल्टन. झिरकॉन बनताना युरेनियम आत घेतो आणि शिशाला दारातून हाकलतो, म्हणजे आत जे शिसं सापडेल ते नंतरच जन्मलेलं. दगडाचं वय आधीच माहीत होतं, पद्धत नीट चालते का एवढंच बघायचं होतं."

"मग?"

"टिल्टनचं युरेनियम बरोबर येई. पॅटरसनचं शिसं असायला हवं त्याच्या कितीतरी पट. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पुन्हा केलं, आकडा तिसराच."

घासूनपुसून शेवटी त्याच्या लक्षात आलं, की शिसं दगडातलं नाहीच. ते खोलीत आहे. धुळीत आहे, काचेच्या भांड्यांत आहे, आम्लात आहे, नळाच्या पाण्यात आहे, त्याच्या स्वतःच्या केसांत आणि कपड्यांत आहे. नमुना उघडला की वरून शिसं पडतंय. दुसरा कोणी असता तर विषय बदलून मोकळा झाला असता. हा साफसफाईलाच लागला. पुढे कॅलिफोर्नियात कॅलटेकमध्ये नवी प्रयोगशाळा मिळाली, तेव्हा शिशाचे पाइप काढले, तारांचे डाख काढले, आत गाळलेली हवा दाबानं सोडली म्हणजे बाहेरची धूळ शिरायला नको, आम्लं पुन्हापुन्हा उकळून शुद्ध केली. जगातल्या अगदी पहिल्या अतिस्वच्छ प्रयोगशाळांपैकी ती एक.

"एवढं सोवळं तर आमच्या सासरीसुद्धा नव्हतं," वहिनी म्हणाल्या. आजींनी ओसरीवरून ऐकू न आल्यासारखं केलं.

१९५३ मध्ये कॅन्यन डायब्लोतलं शिसं घेऊन तो शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत गेला. तिथे वस्तुमान मोजणारं चांगलं यंत्र होतं. यात एक खुबी आहे, ती अप्पांना समजावायला मला मेथीची एक काडी घेऊन मातीत रेघा ओढाव्या लागल्या. शिसं एका जातीचं नसतं. २०४ हे पहिल्यापासून आहे तेवढंच राहतं. २०६ हे युरेनियम २३८ पासून वाढत जातं. २०७ हे २३५ पासून. कॅन्यन डायब्लोच्या लोखंडात ट्रॉयलाइट नावाचं एक खनिज असतं, त्यात युरेनियम जवळपास नाहीच. म्हणजे त्यातलं शिसं जन्माच्या वेळी जसं होतं तसंच राहिलं. ते झालं मूळ भांडवल. आता ज्या दगडी उल्कांत युरेनियम आहे त्यांचं शिसं मोजा, २०४ च्या मानानं २०६ किती वाढलं आणि २०७ किती वाढलं ते कागदावर मांडा. सगळ्या एकाच वेळी जन्मल्या असतील तर सगळे ठिपके एका सरळ रेघेवर यायला हवेत.

"आले?"

"आले. रेघेच्या चढावरून वय निघतं. ४५५ कोटी, चूकभूल देणेघेणे ७ कोटी. १९५६ ला प्रसिद्ध झालं. आज सत्तर वर्षं होत आली, यंत्रं कुठल्या कुठे गेली, आकडा ४५४ वर आहे आणि चूकभूल ५ कोटींवर."

म्हणतात की यंत्रातून तो आकडा निघाला, तेव्हा पॅटरसन तिथून थेट आयोवाला आईवडिलांकडे गेला आणि आईला म्हणाला, मला दवाखान्यात ने, हृदयविकाराचा झटका येतोय बहुतेक. पृथ्वीचं वय जगात फक्त एका माणसाला ठाऊक आहे आणि तो छाती धरून आईसमोर उभा!

"थांबा," अप्पा म्हणाले. त्यांच्या कपाळाला आठी. "नक्कल भावाची. ती हिला कशी लागू? एका कुळातली आहेत याला पुरावा?"

मला हा प्रश्न वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. उत्तर पॅटरसननंच देऊन ठेवलंय. समुद्राच्या तळाचा गाळ म्हणजे नद्यांनी खंडं झिजवून आणलेल्या मातीचं मिश्रण, साऱ्या पृथ्वीचा वानोळा. त्यातलं शिसं मोजलं, तर त्याचा ठिपकाही त्याच रेघेवर बसला. अप्पांनी मातीतल्या रेघेकडे पाहिलं, मान हलवली, आणि "मंजूर" म्हणाले.

"पण ही पाच कोटींची चूकभूल का राहते? यंत्र चांगलं झालं म्हणता."

"कारण जन्म झाला तो नेमका कधी, हेच ठरत नाही. सूर्यमालेतले पहिले घट्ट झालेले कण उल्कांमध्ये सापडतात, ते ४५६.७ कोटींचे. त्यानंतर धूळ, खडे, खडक एकमेकांवर आदळत चिकटत पृथ्वी भरत गेली, त्यालाच काही कोटी वर्षं लागली. शेवटी शेवटी एक केवढा तरी मोठा गोळा येऊन आपटला आणि त्यातून चंद्र झाला असं मानतात. यातला कुठला क्षण जन्म म्हणायचा?"

"म्हणजे बाळंतपणच कोट्यवधी वर्षं!" नलूवहिनींनी हातातली मेथी खाली ठेवली. "बाई, बिचारी हो."

खरं तर विषय इथे संपायचा. पण वहिनींना मघाचं ते शिसं खटकत होतं. "त्याच्या खोलीत एवढं आलं कुठून पण?"

"पेट्रोलमधून. इंजिनानं ठोके देऊ नयेत म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायचे, १९२३ पासून. ते धुराड्यातून सगळ्या जगावर. पॅटरसननं समुद्राचं पाणी तपासलं, वरच्या थरात खालच्यापेक्षा कितीतरी जास्त शिसं. ग्रीनलँडचं बर्फ तपासलं, जुन्या थरांत कमी, नव्यांत जास्त. १९६५ मध्ये त्यानं स्पष्ट लिहिलं, की आपल्या रक्तात आहे तेवढं शिसं निसर्गाचं नाही. तेलवाल्यांनी त्याचा निधी थांबवला. १९७१ मध्ये हवेतल्या शिशावर राष्ट्रीय समिती बसली, तीत हा जगातला सगळ्यात जाणता माणूस नव्हता."

"समितीत जाणत्याला घेत नाहीत," अप्पांनी अनुभव सांगितला.

"पण शेवटी निघालं ना पेट्रोलमधून. आपल्याकडे २००० पासून देशभर बंद. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१."

"नोबेल मिळालं असेल मग."

"नाही."

वहिनी जरा वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात भलतंच काही चाललं होतं. "पेट्रोलमध्येच होतं का आणखी कशात?"

"रंगांत होतं, पाइपांत होतं. मारुतीला लावतो तो शेंदूर शिशाचाच. डबाबंद माशांतसुद्धा सापडलं त्याला, डब्याला दिलेल्या डाखामुळे."

"डाख म्हणजे आपला भांड्याला देतात तो? मग कल्हई?"

"कल्हई कथलाची. कथील चांगलं. त्यात शिशाची भेसळ नसली म्हणजे झालं. शिसं स्वस्त पडतं."

"अगं बाई! परवाच चार पातेली आणि आत्याबाईंचा तांब्या देऊन बसलेय. उद्या आणून देणार आहे तो." वहिनींनी मेथी पदरात गोळा केली. "त्याला विचारते शिसं घालतोस का म्हणून."

"विचार, विचार," अप्पा म्हणाले. "हो म्हणून सांगणारच आहे तो."